जपानीत 'मी' म्हणायचं तरी कसं? वाताशी, बोकु, ओरे आणि आमची फजिती

कोकमसरबत

नमस्कार मंडळी. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी जपानी शिकायला घेतलंय. पुण्यात शनिवार-रविवार वर्ग असतो, 'मिन्ना नो निहोंगो' या पाठ्यपुस्तकाचा सहावा धडा चालू आहे आणि डिसेंबरात एन-फाइव्ह (जपानीची सगळ्यात सोपी परीक्षा) द्यायचा बेत आहे. हिरागाना, काताकाना या दोन लिप्या झाल्या, कांजी (चिनी चित्राक्षरं) रडतखडत चाललीये. पण गाडी अडलीये ती 'मी'वर!

पहिल्या धड्यात सगळ्यांना सरसकट 'वाताशी वा अमुक देसु' शिकवलं. छान. गेल्या रविवारी वर्गात एक जपानी पाहुणे आले होते, साठीचे असतील. आमच्यातला एक एकोणीस वर्षांचा मुलगा, ॲनिमे बघून बघून निम्मी भाषा आधीच तोंडपाठ झालेला, छाती काढून उभा राहिला आणि 'ओरे वा...' करून स्वतःची ओळख करून दिली. पाहुण्यांच्या भुवया वर गेल्या, मग ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. आमच्या बाईंचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता.

नंतर बाईंनी फळ्यावर वाताकुशी, वाताशी, आताशी, बोकु, ओरे असं लिहून पुढे 'पुरुष', 'बायका', 'दोघंही' अशा खुणा केल्या. पुरुषांच्या रांगेत खुणाच खुणा, आमच्या रांगेत जेमतेम तीन. मला 'आताशी' गोड वाटतंय, ते वापरू का? आणि मुळात 'मी' म्हणायलाही आधी मी बाई की पुरुष, समोरचा मोठा की लहान, हे ठरवत बसायचं म्हणजे अतीच नाही का? जाणकारांनी सांगावं. आमचे चिरंजीव (इयत्ता सहावी) कालपासून घरात 'ओरे, ओरे' करत फिरतायत, तो वेगळाच ताप.

टपरीवाला

वाताशी. धागा संपला. पुढचा धागा कोण काढतंय?

शेवग्याची_शेंग

टपरीवाले, इतक्यात शटर पाडू नका. मी पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

बारा_गावचा

मी नागोयाजवळ अकरा वर्षं आहे, तर थोडं टंकतो.

टपरीवाल्यांचं उत्तर परीक्षेपुरतं बरोबर आहे. जगण्यापुरतं नाही. माझा साहेब एका दिवसात तीन 'मी' वापरतो. गिऱ्हाइकाचा फोन आला की पाठ ताठ करून 'वाताकुशी'. आमच्या मीटिंगमध्ये 'बोकु'. आणि संध्याकाळी इझाकायात (जपानी दारूचा अड्डा) दुसरा ग्लास रिकामा झाला की 'ओरे'. माणूस तोच, टायसुद्धा तोच, फक्त सैल झालेला.

मी स्वतः पहिली पाच वर्षं सगळीकडे 'वाताशी'च म्हणायचो. रविवारी क्रिकेट खेळायला येणारा एक जपानी पोरगा शेवटी म्हणाला, तुम्ही बॅटिंग करतानाही बँकेत बसल्यासारखे बोलता. पुरुषाने दोस्तांत 'वाताशी' म्हटलं की ते एकतर फार औपचारिक वाटतं, नाहीतर नाजूक. मग मी 'ओरे'चा प्रयत्न करून पाहिला. घरी लेक फिस्सकन हसली. "बाबा, तुम्हाला नाही शोभत." तेव्हापासून 'बोकु'. नरम आहे, पण सुरक्षित. साहेबासमोरही चालून जातं आणि कट्ट्यावरही.

तुमच्या वर्गातल्या मुलाचं चुकलं कुठे ते सांगतो. 'ओरे' म्हणजे शिवी नाही. पण ते बरोबरीच्यांत किंवा घरात म्हणायचं. अनोळखी वडीलधाऱ्या माणसापुढे पहिल्या भेटीत 'ओरे' म्हणजे आपल्याकडे पाहुण्यांसमोर "आपण नाय कुणाला घाबरत" म्हणत मांडी ठोकण्यातला प्रकार.

अंगणातली_झुळूक

> पुरुषांच्या रांगेत खुणाच खुणा, आमच्या रांगेत जेमतेम तीन

हेच! बायकांना निवड कमी. पुरुषाला मऊ, कडक, रांगडं, सगळं उपलब्ध. बाईने रांगडं व्हायचं ठरवलं तर शब्दच नाही. भाषासुद्धा सांगते, बाई गं, जरा हळू बोल.

टपरीवाला

झुळूकताई, उलटं बघा. बायकांना कुठेही 'वाताशी' चालतं. ऑफिसात, मैत्रिणीत, सासरी. डोक्याला ताप नाही. पुरुषाला दर वेळी कपडे बदलावे लागतात.

अंगणातली_झुळूक

एकच साडी मिळाली तर निवडीचा त्रास नसतोच हो.

शेवग्याची_शेंग

हहपुवा. झुळूक १, टपरी ०.

व्याकरणाचा_उंदीर

धागाकर्तीच्या 'अतीच नाही का' या प्रश्नावर. आधी आपल्या अंगणात बघू.

"मी उद्या जाते." "मी उद्या जातो." आपल्या 'मी'ला लिंग नाही, पण क्रियापदाने लगेच चुगली केली! आपण दिवसभरात शेकडो वेळा आपलं लिंग जाहीर करत असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. जपानी क्रियापद याबाबतीत अगदी मुकं आहे. 'इकिमासु' म्हणजे जातो, जाते, जातोस, जातात, काहीही. लिंग नाही, वचन नाही, पुरुष नाही. जो काही रंग आहे तो सर्वनामात आणि वाक्याच्या शेपटातल्या अव्ययांत. म्हणजे आपला दागिना शेवटी, त्यांचा आधी.

आणि खरी गंमत पुढे आहे. तो आधीचा दागिना काढून ठेवता येतो, आपला येत नाही. "जेवलीस का?" "हो, जेवले." यात 'मी' कुठे आहे? नाही. आपल्याला सर्वनाम गाळायची सवय आईच्या पोटातून आहे. जपानीत हेच करायचं असतं. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला हे जड जातं, दर वाक्याला तो 'वाताशी वा' लावतो. आपण मराठी माणसांनी का लावावं? मराठीत गाळून लिंग लपत नाही, जपानीत गाळलं की लिंग, वय, औपचारिकपणा सगळंच झाकलं जातं. ज्याला निवडायचं नाही त्याने गाळावं.

रंकाळ्यावरची_भेळ

उंदीरमामा, "मी जाते" हे तुमच्या पुण्यात. आमच्याकडं बायका पण "मी येतो", "मी जातो" म्हणतात. माझी आज्जी म्हणायची, आईपण म्हणते, मी पण घरात म्हणतो. कोण आमाला पुरुष समजत नाही.

व्याकरणाचा_उंदीर

भेळताई, साष्टांग नमस्कार. हे उदाहरण माझ्या लक्षात यायला हवं होतं. तुमच्याशी जुळणारा प्रकार जपानातही आहे. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) बायकाही सर्रास 'ओरे' म्हणायच्या, आणि ईशान्येकडच्या तोहोकुत खेड्यांतल्या म्हाताऱ्या बायका अजूनही म्हणतात. 'ओरे म्हणजे पुरुषी' ही प्रमाण भाषेची समजूत. गावाला ती कुणी विचारून लावलेली नाही.

शेवग्याची_शेंग

म्हणजे कोल्हापूर हे महाराष्ट्राचं तोहोकु. आता तांबड्या रश्श्याला जपानी नाव शोधा.

रंकाळ्यावरची_भेळ

रश्श्याला हात लावायचा नाही.

हातात_कॅमेरा

मी तो एकोणीस वर्षांचा मुलगा नाही (वय २२), पण त्याच्या बाजूने. आम्ही भाषेकडे वळलो त्या ॲनिमेमुळेच ना? 'मिन्ना'च्या धड्यांतलं पात्र मिलरसान बघून कुणाचं रक्त सळसळतं? आणि 'किमी नो ना वा' (२०१६) हा ॲनिमे चित्रपट बघा, त्यात हाच धागा अर्ध्या मिनिटात आहे. मुलीचा जीव मुलाच्या शरीरात गेलाय. मित्रांसमोर ती 'वाताशी' म्हणते, ते बघतच राहतात. मग 'वाताकुशी', मग 'बोकु', शेवटी 'ओरे', तेव्हा कुठे मित्रांच्या माना हलतात. थिएटरात मी एकटाच हसलो होतो. सबटायटलमध्ये त्यातलं काय उतरणार, कप्पाळ!

सुमो_काका

कॅमेराभाऊ, उदाहरण फर्स्टक्लास. पण ॲनिमेतल्या सर्वनामांबद्दल सावध राहा, ती पात्रांचे मुखवटे असतात. ओसाका विद्यापीठात शिकवलेले भाषाशास्त्रज्ञ किन्सुई सातोशी यांनी याला 'याकुवारीगो' म्हटलंय, भूमिकेची भाषा म्हणा. त्यांच्या २००३ च्या पुस्तकानंतर हा शब्द रुळला. पांढरी दाढीवाला शास्त्रज्ञ नेहमी 'वाशी' म्हणतो. सामुराई 'सेश्शा' म्हणतो. खऱ्या तोक्योत एकही प्राध्यापक 'वाशी' म्हणत नाही. मग आलं कुठून? एदो, म्हणजे आजचं तोक्यो, वाढत होतं तेव्हा तरुण मंडळी एदोची नवी बोली बोलू लागली, पण वयस्क वैद्य-पंडित जुनी, पश्चिमेकडची प्रतिष्ठित बोली धरून बसले. नाटक-कथावाल्यांनी त्याची टर उडवली, आणि आज दोनशे वर्षांनंतरही कार्टूनमधला म्हातारा तेच बोलतोय.

पश्चिम जपानात मात्र 'वाशी' अजून जिवंत आहे. ओकायामाकडचे आजोबा सहज म्हणतात. हो, तेच ओकायामा, ज्याच्या मैत्रीखातर सिंहगड रोडवर आपली पु. ल. देशपांडे बाग आहे.

टपरीवाला

त्या बागेत फोटो काढू देत नाहीत म्हणून प्री-वेडिंगवाले रडतात. एवढंच माहीत होतं.

सुमो_काका

आता निघालंच आहे तर राजेमंडळींचंही सांगतो. 'चिन' नावाचा एक 'मी' आहे, फक्त सम्राटाचा. चीनचा पहिला सम्राट छिन शी ह्वांग याने तो स्वतःसाठी राखून ठेवला, तिथून जपानात आला. १५ ऑगस्ट १९४५ ला रेडिओवरून शरणागती जाहीर झाली तेव्हा सम्राटांनी 'चिन'च वापरलं होतं. आणि २०१६ च्या ऑगस्टात सम्राट अकिहितो टीव्हीवरून लोकांशी बोलले ते 'वाताकुशी' म्हणून. मधली सत्तर वर्षं एका शब्दात दिसतात.

आणि 'बोकु'ची कांजी बघा. अर्थ आहे चाकर. 'किमी', म्हणजे तू, याचा अर्थ धनी. मी चाकर, तू धनी, अशी नम्र जोडी. मेईजी काळात (एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध) शिकलेल्या पोरांनी ती उचलली आणि आता 'किमी' म्हणजे वरच्याने खालच्याला म्हणायचं 'तू' झालंय. नम्रतेची नाणी झिजतात फार लवकर.

अस्सल_आळशी

आपल्याकडे काय कमी आहे? मी, आम्ही, आपण, अपुन, बंदा, हा पामर, आणि माझं आवडतं, अस्मादिक. नात्सुमे सोसेकींची १९०५ ची ती मांजराची कादंबरी आहे ना, 'वागाहाई वा नेको दे आरु'? 'वागाहाई' म्हणजे भारदस्त, फेटा-उपरण्यातला 'मी'. इंग्रजीत त्याचं साधं 'आय' झालं आणि निम्मा विनोद मेला. मराठीत "अस्मादिक मांजर आहेत" म्हणा, बोक्याच्या मिशा दिसतात की नाही?

शेवग्याची_शेंग

अस्मादिक मांजर आहेत!! आमच्या घरातला बोका हेच म्हणत असणार. वाचनखूण साठवली.

ओसाकाची_सून

कान्साईवाल्यांना (ओसाका-क्योतोकडच्या) विसरलात. इथे आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात भाजीवाल्या आजोबांनी विचारलं, "जिबुन, दोको कारा कितान?" मी शिकून आले होते की 'जिबुन' म्हणजे स्वतः, आणि सैन्यात वगैरे पुरुष तो 'मी' म्हणून वापरतात. मला वाटलं आजोबा स्वतःलाच विचारतायत, मी कुठून आलो म्हणून. विसरले असतील बिचारे! मी सहानुभूतीने मान हलवली. त्यांनी परत विचारलं. मी परत मान हलवली. शेवटी त्यांच्या बायकोने सुटका केली. इथे 'जिबुन' म्हणजे 'तू'सुद्धा.

झुळूक, रांगड्या 'मी'बद्दल. इथल्या बायका-मुली 'उची' म्हणतात. उची म्हणजे घर, आपलं माणूस. आता दुसरीकडच्या शाळकरी मुलींतही पसरलंय. 'वाताशी'पेक्षा मोकळं, 'आताशी'इतकं लाडिक नाही. काही मुली 'बोकु'ही म्हणतात, आणि गाण्यांत तर मुलींचे ग्रुप सर्रास 'बोकु' गातात.

माझा मुलगा होइकुएनमध्ये (पाळणाघरात) होता तेव्हा तिथल्या बाई त्यालाच 'बोकु' म्हणून हाक मारायच्या. "बोकु, इकुत्सु?" म्हणजे "बाळा, किती वर्षांचा तू?" लहान मुलाच्या जागी जाऊन बोलायचं. त्याला वाटलं बोकु हे आपलं नाव. साताऱ्याला आजीला फोनवर सांगितलं, "आजी, बोकु आज पडला." आजीने दोन दिवस माझ्यामागे लकडा लावला, तो कोण बोक्या पडला, त्याला लागलं का फार.

आता तो चौथीत. मित्रांत 'ओरे', माझ्यापुढे 'बोकु'. दारात बूट काढता काढता बदलतो. एकदा विसरला आणि मला 'ओरे' म्हणाला, मग स्वतःच लाल झाला.

कोकमसरबत

बापरे, केवढे प्रतिसाद! सगळे वाचतेय. ओसाकाची_सून, 'बोकु पडला' वाचून ऑफिसात तोंडावर रुमाल धरावा लागला. पण अजून कुणी सांगितलं नाही, 'आताशी' वापरू की नको? आणि समोरच्याला 'आनाता' म्हणायला शिकलोय ते तरी ठीक आहे ना?

पांढरा_खडू

बारा वर्षं जपानी शिकवतेय, म्हणून मास्तरकी करते.

'आनाता' आधी. वर्गाबाहेर शक्यतो नको. नाव माहीत असेल तर नाव आणि 'सान' (आपलं 'जी'). शिक्षकांना, वरिष्ठांना 'आनाता' कधीच नाही. आणि जपानी घरात बायको नवऱ्याला 'आनाता' म्हणते, म्हणजे आपलं 'अहो'. पाहुण्या साहेबांना "अहोऽ" करून हाक मारून बघा कसं वाटतं ते.

'आताशी' ऐकून समजावं, परीक्षेत-मुलाखतीत वापरू नये. ते बोलण्याच्या ओघात 'वाताशी'तला 'व' गळून येतं. तो ओघ आला की आपसूक येईल, मुद्दाम आणलं तर लाडिक वाटतं. मुलग्यांना 'बोकु' पुस्तकातच भेटेल, विसाव्या धड्यात, दोस्तांच्या भाषेबरोबर. तोवर थांबायला कुणाचंच काही बिघडत नाही.

आणि उंदीरमामांना अनुमोदन. मी नव्या तुकडीला ओळख अशी करून द्यायला लावते: "हाजिमेमाशिते. जोशी देसु. इंदो कारा किमाशिता. योरोशिकु ओनेगाई शिमासु." म्हणजे पहिली भेट, नाव जोशी, भारतातून आलेय, लोभ असावा. चार वाक्यं, एकही 'मी' नाही, आणि कुठेही उद्धट नाही.

पण 'वाताशी' कायमचं पेटीत टाकू नका. ते लागतं नेमकं वेगळेपण दाखवायला. सगळे चहा घेतायत आणि तुम्हाला नको, तर "वाताशी वा...". कुणीतरी फळा पुसायचाय आणि तुम्ही उठलात, तर "वाताशी गा यारिमासु". दुसरं कुणी नाही, मी करते. मराठीतही आपण अशाच ठिकाणी 'मी'वर जोर देतो. दर वाक्यात 'मी, मी' करणारा माणूस मराठीत कसा वाटतो?

टपरीवाला

नेत्यासारखा.

बारा_गावचा

खडूबाईंना एक पुरवणी. नोकरीसाठी येणाऱ्यांनी मुलाखतीत 'वाताशी' किंवा 'वाताकुशी', पुरुषांनीसुद्धा. समोरच्या कंपनीला बोलताना 'ओन्शा', पत्रात 'किशा'. आपल्या कंपनीला नम्रपणे 'हेइशा'. म्हणजे कंपनीलाही 'मी' आणि 'तू' आहे.

हातात_कॅमेरा

आणि लिहिताना अजून एक भानगड. 'ओरे' कांजीत लिहिलं तर एक चेहरा, हिरागानात दुसरा, काताकानात तिसरा. चॅटवर मित्राने 'बोकु' काताकानात लिहिलं की समजायचं स्वारी मुद्दाम गोंडसपणा करतेय.

सुमो_काका

त्यावरून आठवलं. 'ओरे'ची कांजी सरकारच्या नेहमीच्या वापरातल्या यादीत २०१० साली आली, तोवर बाहेरच होती. आणि 'वाताशी'ची कांजी यादीत होती, पण तिचं अधिकृत वाचन 'वाताकुशी'. 'वाताशी' हे वाचनही २०१० लाच मान्य झालं. अख्खा देश आधीपासून तेच वाचत होता.

अंगणातली_झुळूक

सरकार सगळीकडे सारखंच.

कोकमसरबत

धागा वर काढतेय, तीन आठवड्यांनी. ते पाहुणे परवा परत आले होते. खडूबाईंच्या चार वाक्यांत ओळख करून दिली, एकही 'वाताशी' नाही. त्यांनी मान डोलावली आणि पुढे सरळ जपानीतच सुरू झाले. निम्मं डोक्यावरून गेलं ते सोडा.

मग चहा. मी डब्यातून पातळ पोह्यांचा चिवडा नेला होता. त्यांनी दोनदा घेतला, तिसऱ्यांदा घेताना विचारलं, हा कुणी केला? मी तोंड उघडणार तेवढ्यात शेजारचीने माझ्याकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, कोण, तुम्ही? मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "हाई. वाताशी गा त्सुकुरिमाशिता." एवढा एकच 'मी', आणि तो बरोबर जागी बसला! ते म्हणाले, जपानी माणूस 'मी' म्हणताना छातीला नाही, नाकाला बोट लावतो, आणि स्वतःच्या नाकावर तर्जनी टेकवून दाखवली. मग अख्खा वर्ग आपापल्या नाकाला बोट लावून बसला.

ओरेवाल्या मुलाने या वेळी 'बोकु' म्हटलं. पाहुणे त्याला म्हणाले, मागच्या वेळी जास्त मजा आली होती. पोरगं बिचारं गोंधळून गेलंय.

रंकाळ्यावरची_भेळ

भारी! आता चिरंजीव काय म्हणतात घरात?

कोकमसरबत

अस्मादिक. हा धागा त्याने वाचला.

शेवग्याची_शेंग

ते जाऊ दे, चिवड्यात खोबरं तळून घातलं होतं की भाजून? पाककृती टाक.